शेवटच्या तासाची कामं

आत्या गेली तेव्हा ऐन वैशाख होता आणि घरातला पंखा बंद होता. मिरजेच्या त्या जुन्या घरात माणसं घामाने निथळत भिंतीला टेकून बसली होती, पण बटणाला कोणी हात लावत नव्हतं. आत्याच्या डोक्याखाली दोन उशा सरकवलेल्या, पापण्या नीट मिटलेल्या आणि त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. आतेबहीण थोड्या थोड्या वेळाने वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवायची आणि त्या घड्या पुन्हा ओल्या करायची. काकूंनी तोंडात तुळशीचं पान ठेवलं, गंगेचे दोन थेंब घातले, आणि जमिनीवर कधी घ्यायचं म्हणून विचारलं. बहीण म्हणाली, "काकू, नेत्रपेढीची माणसं येऊन जाऊ देत. मग तुम्ही म्हणाल तसं."

आत्याने हे सारं आधीच सांगून ठेवलं होतं. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळ सुकतं, डोकं उंचावर असलं की डोळ्यांकडे रक्त कमी उतरतं, आणि सहा तासांच्या आत नेत्रगोल काढून घ्यावे लागतात. तिने हे एका वहीत लिहिलं होतं, फोन नंबरसकट, आणि ती वही देवघराच्या फडताळात होती. बहिणीचं रडणं थांबलं नव्हतं, पण रडता रडता तिचे हात वाटीकडे जात होते. आई गेली आहे आणि तरीही आईचं एक काम अजून बाकी आहे, अशा त्या दुपारच्या वेळेत मी होते.

माझं लिव्हिंग विल लिहायला घेतलं तेव्हापासून ती दुपार मला फार आठवते. माझ्या शेवटच्या आजारपणात काय करायचं आणि काय करायचं नाही, हे लिहिताना मी शेवटच्या दिवसांबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या अशा माणसांपर्यंत पोचले ज्यांनी आपल्या मृत्यूचा तास न् तास आखून ठेवलेला असतो. त्यांना आपला मेंदू जतन करून ठेवायचा असतो. आज ज्याला इलाज नाही त्याला पुढे कधीतरी इलाज सापडेल, आज जो मेंदू कोणाला वाचता येत नाही तो कधीतरी वाचता येईल, ही त्यांची आशा. ती खरी ठरेल असं आज कोणीही सांगू शकत नाही. पण त्या आशेसाठी त्यांनी केलेली तयारी मी वाचत राहिले, कारण तिच्यातले प्रश्न माझ्या समोरच्या कोऱ्या कागदावरचेच होते.

या कल्पनेला वाट करून दिली ती रॉबर्ट एटिंजर या भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पुस्तक लिहून असं मांडलं की मृत्यू ही वैद्यकाच्या त्या त्या काळातल्या मर्यादेची रेघ आहे, आणि ती रेघ सरकत असते. तोवर माणसाला थंडीत सांभाळून ठेवावं. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड नावाचे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्राचे प्राध्यापक कर्करोगाने गेले आणि त्यांना गोठवण्यात आलं. ते आजही ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये, आल्कोर या संस्थेच्या टाकीत, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर आहेत. एटिंजरने मिशिगनमध्ये दुसरी संस्था काढली. तिथे सर्वांत आधी ठेवली गेली ती त्याची आई. पुढे त्याच्या दोन्ही बायका, आणि २०११ मध्ये ९२व्या वर्षी तो स्वतः. हे वाचल्यावर त्याच्या विज्ञानापेक्षा ते कुटुंबच माझ्या जास्त लक्षात राहिलं. आपली माणसं सोडून एकट्याने पुढच्या काळात जायला तो तयार नव्हता.

सगळ्यांच्याच वाट्याला असा सांभाळ आला नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ इथल्या दफनभूमीच्या तळघरात ठेवलेले देह पैसे संपल्यावर वितळून गेले. ज्यांनी विश्वासाने आपली माणसं तिथे सोपवली त्यांना दुसऱ्यांदा सुतक आलं. तेव्हापासून या संस्था पैशांची सोय आधी मागतात, आणि बरेच सभासद ती आयुर्विम्यातून करतात. कायद्याच्या कागदावर मात्र तिथे हे देहदानच आहे. मेडिकल कॉलेजला देह देण्यासाठी जो कायदा, त्याच कायद्याच्या आधाराने हे लोक आपला देह त्या संस्थेला देतात.

आणि मग येतो तो शेवटचा तास. हृदय थांबलं की काही सेकंदांत शुद्ध जाते. काही मिनिटांत मेंदूच्या पेशी प्राणवायूवाचून बिघडायला लागतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबायला लागतात, आणि एकदा त्या तुंबल्या की जतन करणारा द्राव आतपर्यंत पोचत नाही. म्हणून संस्थेची माणसं आधीपासूनच दाराबाहेर थांबलेली असतात. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला रे केला की देह बर्फाच्या पाण्याच्या टबात, छातीवर यंत्राचा दाब, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, आणि पुढे रक्ताच्या जागी असा द्राव जो थंडीत बर्फाचे स्फटिक होऊ देत नाही. मिरजेच्या घरातल्या ओल्या कापसाचंच हे फार मोठं रूप आहे असं मला वाटलं. गेलेल्या माणसाने सांगून ठेवलेलं काम, घड्याळाकडे बघत, जिवंत माणसांनी करायचं.

फरक एवढाच की डोळ्यांना सहा तास मिळतात, मेंदूला तेवढी मिनिटंही मिळत नाहीत. रात्री झोपेत गेलेलं माणूस सकाळी सापडलं, तर सगळी तयारी फुकट. अपघात झाला, शवविच्छेदनाचा हुकूम निघाला, तर तेही तसंच. म्हणून ज्याला मेंदू जपायचा आहे त्याला मृत्यू ही अचानक येणारी गोष्ट परवडत नाही. तो कधी, कुठे, कोणासमोर यावा हे त्याला ठरवावं लागतं. कुठल्या गावात जाऊन राहायचं, कोणत्या हॉस्पिसमध्ये दाखल व्हायचं, कोणत्या राज्याचा कायदा आपल्याला काय करू देतो, हे सगळं आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत बसून ठरवायचं.

ही आखणी किती अवघड असते हे थॉमस डोनाल्डसन यांच्या खटल्यात दिसतं. ते गणितज्ञ होते. १९८८ मध्ये त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. गाठ वाढेल तसा मेंदू पोखरला जाणार, आणि मग जपायचं ते काय? म्हणून त्यांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाकडे मागणी केली, की मला मरण येण्याआधीच, माझा मेंदू शाबूत असताना, गोठवू द्या, आणि मला मदत करणाऱ्यांवर खुनाचा आरोप येऊ नये. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने नकार दिला. त्यांच्याबद्दल सहानुभूती असली तरी दुसऱ्याला मरायला मदत करण्याचा हक्क न्यायालय निर्माण करू शकत नाही, असा त्याचा सूर होता. डोनाल्डसन त्यानंतर २००६ पर्यंत जगले, आणि शेवटी त्यांना आल्कोरमध्येच ठेवलं गेलं. मागणी मान्य झाली असती तर मधली १४ वर्षं त्यांना मिळाली नसती. आणि तरी, त्या १४ वर्षांत गाठीने त्यांच्यातलं काय काय नेलं, हे त्यांचं त्यांनाच माहीत. मी हा हिशेब पुष्कळदा मांडून पाहिला, मला तो सुटत नाही.

त्यांच्या खटल्यानंतर २० वर्षांनी मेंदूच्या अशाच असाध्य आजाराची एक २३ वर्षांची मुलगी शेवटच्या दिवसांत स्कॉट्सडेलला राहायला गेली. तिथे तिने अन्नपाणी सोडलं. गाठीने मेंदूचा आणखी भाग खाण्याआधी तिला जायचं होतं.

अन्नपाणी सोडून जाणं आपल्याला नवं नाही. सावरकरांनी १९६६च्या फेब्रुवारीत अन्न-औषध थांबवलं आणि २६ तारखेला प्राण सोडला. विनोबांनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ला, दिवाळीत, ते गेले. जैन घरांमधली सल्लेखना आपण शेजारून पाहिलेली असते. कोणी व्रत घेतलं आहे हे कळलं की गल्लीतली माणसं दर्शनाला जातात. ही सगळी माणसं हातातलं सोडण्यासाठी जेवण सोडत होती. देह झाला तेवढा पुरे, आता याची गरज नाही, हा त्यामागचा भाव. ॲरिझोनातली ती मुलगी तंतोतंत तीच कृती करत होती, आणि तिचा भाव अगदी उलटा होता. तिला काहीही सोडायचं नव्हतं. तिला बालपण, अभ्यास, प्रेम, सगळं घट्ट धरून ठेवायचं होतं. आपल्या परंपरेच्या मोजपट्टीने तिला आसक्त म्हणता येईल. मला ते म्हणवत नाही. २३व्या वर्षी कोणाचं जगून झालेलं असतं?

जपून ठेवलेला मेंदू मी एकदा पाहिला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेत मेंदूचं एक संग्रहालय आहे. पाहुण्यांना तिथे खरा मानवी मेंदू हातात धरायला मिळतो. हातमोजे चढवून मी तो घेतला तेव्हा आधी जाणवलं ते वजन. साधारण १.४ किलो हा आकडा शाळेपासून पाठ होता, पण तळहाताला तो आकडा माहीत नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे तो टणक होता. ताजा मेंदू इतका मऊ असतो की स्वतःच्या भाराने पसरतो. फॉर्मालिनमध्ये राहिला की प्रथिनं एकमेकांना सांधली जातात आणि तो घट्ट होतो. नाकाला वास झोंबत होता. माझ्या पुढच्या रांगेत शाळेतली मुलं होती, ती क्षणापूर्वी हसत होती आणि मेंदू हातात आला की गप्प होत होती. वळ्यांमधल्या एका खोल चिरेत मोज्यातला अंगठा बसत होता. हे कोणाचं तरी सगळं होतं. पाढे, शिव्या, आईच्या हातच्या आमटीची चव, कोणाशी तरी केलेला अबोला. निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे आणि आजारांच्या संशोधनासाठी तिथे मेंदू जपले जातात. ते दान पुढच्या रुग्णांसाठी असतं. ज्याचा मेंदू, त्याने परत यायचं असा तिथे कोणाचा विचार नसतो.

नव्या पिढीतले काही संशोधक मात्र याच रस्त्याने जाऊन वेगळीकडे पोचू पाहतात. फॉर्मालिनच्याच कुळातलं एक रसायन आधी रक्तवाहिन्यांतून मेंदूभर पोचवायचं, सगळी रचना जिथल्या तिथे सांधून टाकायची आणि मग थंडीत ठेवायचं. २०१६ मध्ये सशाचा आणि २०१८ मध्ये डुकराचा मेंदू या पद्धतीने जपून दाखवल्याबद्दल ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशनने बक्षिसं दिली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमधले जोड शाबूत दिसत होते. पण असा सांधलेला मेंदू पुन्हा धडधडत्या शरीरात जिवंत होणार नाही. तो कधीतरी वाचला जाईल आणि वाचलेल्यातून ते माणूस पुन्हा उभं राहील, एवढीच आशा. माणसाच्या मेंदूत ८६ अब्जांच्या आसपास चेतापेशी आहेत. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी एका प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा छापला, त्यात १ लाख ३९ हजारांवर पेशी आणि ५ कोटींवर जोड होते. एका माशीसाठी जगभरातली शेकडो माणसं वर्षानुवर्षं खपली. त्या नकाशाकडे बघून मला उमेद वाटली आणि अंतर किती आहे तेही कळलं.

२०१८ मध्येच नेक्टोम नावाच्या कंपनीने सांगितलं की ही पद्धत माणसांवर नीट करायची तर रसायन जिवंतपणीच, भूल देऊन, सोडायला हवं. आणि असाध्य रुग्णाला वैद्यकीय मदतीने मरण निवडू देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या, २०१६ मध्ये अमलात आलेल्या कायद्यात ते बसेल का याचा विचार त्यांनी चालवला होता. मोठा गदारोळ झाला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एमआयटीने संबंध तोडले. मला तो गदारोळ समजतो. मरणाऱ्या माणसाला आशा विकणं हा फार जपून करण्याचा व्यवहार आहे. पण प्रश्न विचारणाऱ्यालाच वेड्यात काढणं मला पटलं नाही.

कारण माझी आई. शेवटची वर्षं ती विसरत गेली. आधी गावांची नावं, मग माणसांची, मग माझं. पण घड्या घालणं ती विसरली नाही. साडी, रुमाल, वर्तमानपत्र, हातात येईल त्याची ती काठाला काठ जुळवून घडी घालायची आणि वरून तळवा फिरवायची. तिचा मेंदू जपायचा असं तिने कधी म्हटलं असतं, तर तो कुठल्या दिवसाचा? मला नावाने हाक मारली त्या शेवटच्या दिवसाचा? पण त्या दिवशी ती चांगली हिंडतीफिरती होती, भाजी निवडत होती. त्या दिवशी तिला जा म्हणायला कोण धजावेल? अमेरिकेतल्या राज्यांचे कायदेही इथे येऊन थांबतात. ओरेगनचा कायदा १९९७ पासून अमलात आहे. त्याच्या दोन मुख्य अटी: सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असा आजार हवा, आणि निर्णय घेण्याची बुद्धी शाबूत हवी. स्मृतिभ्रंशात पहिली अट पुरी होईपर्यंत दुसरी निसटलेली असते. ज्यांना मन जपायचं आहे त्यांना सगळ्यांत जास्त भीती ज्या आजाराची, नेमका तोच या कायद्याच्या बाहेर राहतो.

आपल्याकडे मरणाला मदत मागता येत नाही, पण उपचार नाकारता येतात. या हक्काची वाट मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या एका खाटेपासून सुरू होते. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तिथे अचेत पडून होत्या, आणि परिचारिकांनी त्यांना ४० वर्षांहून अधिक काळ घरच्यासारखं सांभाळलं. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट मर्यादित स्वरूपात मान्य केली, ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि २०२३च्या जानेवारीत त्यातल्या जाचक अटी कमी केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं लिव्हिंग विल केलं, गोव्यातलं ते पहिलं. मला ते वाचून धीर आला. हा कागद आपण शहाणपणात असताना, पुढे शहाणपण जाईल हे धरून लिहितो. मी त्यात लिहिलं की मी माझ्या माणसांना ओळखेनाशी झाले आणि गिळता येईनासं झालं, तर नाकातून नळी घालू नये. ते वाक्य लिहून झाल्यावर मी उठून घरात फेऱ्या मारल्या आणि मग पुन्हा येऊन बसले.

मेंदू गोठवून ठेवण्याची इच्छा मला झाली नाही. माझ्या ओळखीची माणसं नसलेल्या काळात डोळे उघडायची मला हौस नाही. पण ज्यांना ती इच्छा आहे त्यांच्यामुळे मला एक गोष्ट लख्ख दिसली, आणि ती लंडनच्या एका प्रकरणात आहे. २०१६ मध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या १४ वर्षांच्या एका मुलीने तिथल्या उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. तिला जमिनीखाली पुरून घ्यायचं नव्हतं, पुढे कधीतरी बरं होऊन जगायचं होतं. आईवडिलांचं एकमत नव्हतं. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन तिला भेटायला स्वतः रुग्णालयात गेले, आणि तिच्या देहाचं काय करायचं ते आईने ठरवावं असा निकाल त्यांनी दिला. निकाल मुलीला कळला, थोड्याच दिवसांत ती गेली, आणि तिचा देह अमेरिकेला नेला गेला. पण न्यायमूर्तींनी पुढे रुग्णालयाची एक तक्रारही निकालाला जोडली. मुलीच्या शेवटच्या दिवशी तिची आई पुढच्या तयारीत इतकी गुंतली होती की ती मुलीच्या वाट्याला पुरती आली नाही, आणि मदतीला आलेली स्वयंसेवकांची मंडळी अपुऱ्या तयारीने आली होती, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. मी त्या आईला दोष देऊ शकत नाही. मुलीने सांगितलेलंच काम ती करत होती. पण फोन करायला दुसरं कोणी हवं होतं.

आपल्या घरांतही हेच होतं. डोळे द्यायचे असोत, देह द्यायचा असो किंवा फक्त अग्नी. डॉक्टरांचा दाखला, नेत्रपेढी, मेडिकल कॉलेज, वैकुंठ स्मशानभूमीतली वेळ, परगावच्या नातेवाइकांचे फोन, हे सगळं जिच्यावर किंवा ज्याच्यावर पडतं ते नेमकं सर्वांत जवळचं माणूस असतं. म्हणून तुम्ही जेव्हा कागद कराल, मेंदू जपायचा असो की काहीच जपायचं नसो, तेव्हा त्यात दोन नावं लिहा. एक, फोन आणि धावपळ करणाऱ्याचं. दुसरं, शेजारी नुसतं बसून राहणाऱ्याचं. ही दोन माणसं वेगळी असू द्या, आणि तुमचं बोलणं शाबूत आहे तोवर दोघांनाही समोर बसवून सांगा.